शंभरातले पंचावन्न

निवडणुकीच्या दिवसांत आपल्याकडे माणसाचा पक्ष ओळखायला चेहऱ्यापर्यंत जावंच लागत नाही. गळ्यातलं उपरणं, कपाळावरचं गंध, डोक्यावरची टोपी, गाडीच्या काचेवरचा स्टिकर, नुसतं आडनावसुद्धा पुरतं. चहाच्या टपरीवर अनोळखी माणूस येऊन बसला, की “कुठले तुम्ही?” असं विचारून होतं, आणि त्याचं उत्तर पुरं होण्याआधीच बाकड्यावरच्या निम्म्या मंडळींनी त्याला एखाद्या खुंटीला टांगलेलं असतं. आता यातलं सगळं काढून घ्या. उपरणं नाही, गंध नाही, नाव नाही, गाव नाही, आवाजही नाही. उरला फक्त काळ्या-पांढऱ्या फोटोतला चेहरा. मग पक्ष सांगता येईल?

अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात निकोलस रूल आणि नलिनी अंबाडी या मानसशास्त्रज्ञांनी हे करून पाहिलं आणि जानेवारी २०१० मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात निष्कर्ष छापले. नलिनी अंबाडी मूळच्या केरळच्या, जन्म कोलकात्याचा, शिक्षण दिल्लीच्या लेडी श्रीराम कॉलेजात आणि पुढे हार्वर्डला. माणूस क्षणभर दिसला तर त्याच्याबद्दल काय कळतं, या प्रश्नाला त्यांनी आयुष्य दिलं. १९९३ साली रॉबर्ट रोझेन्थाल यांच्याबरोबर केलेला त्यांचा प्रयोग आज मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आहे. शिकवणाऱ्या प्राध्यापकांच्या अर्ध्या मिनिटाच्या मूक चित्रफिती त्यांनी अनोळखी लोकांना दाखवल्या. त्या लोकांनी नुसत्या हावभावांवरून दिलेले गुण, सहामाहीभर त्या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांनी दिलेल्या गुणांशी बऱ्यापैकी जुळले. २०१३ साली रक्ताच्या कर्करोगाने त्या गेल्या, तेव्हा जेमतेम चोपन्न वर्षांच्या होत्या.

पक्षाचा प्रयोग मांडायला सोपा होता. आधी २००४ आणि २००६ च्या सिनेट निवडणुकांतले उमेदवार घेतले. ओळखीचा चेहरा निघाला तर ते उत्तर मोजायचं नाही, असा नियम ठेवला. पण राजकारणी माणूस फोटोसाठी नटून-सजून बसतो, त्याच्या पाठीशी सल्लागार असतात, अशी शंका कुणीही काढील. म्हणून दुसऱ्या फेरीत कॉलेजची मुलं घेतली. पदवीच्या वर्षी प्रत्येकाचा फोटो छापणारे जे वार्षिकांक तिकडे निघतात, त्यांतले हे चेहरे. कुणी डेमोक्रॅट विद्यार्थी संघटनेत होतं, कुणी रिपब्लिकन. बघणाऱ्याने एवढंच सांगायचं, हा कुठला?

उत्तरं छापा-काट्यापेक्षा बरी आली. थोडीशीच बरी. त्यानंतर ठिकठिकाणी झालेले असे प्रयोग एकत्र पाहिले, तर माणसांचा अंदाज शंभरातल्या पंचावन्न वेळा बरोबर येतो असं ढोबळमानाने म्हणता येतं. डोळे मिटून उत्तर दिलं असतं तरी पन्नास बरोबर आलेच असते. म्हणजे चेहऱ्याने खरी भर घातली ती शंभरात पाचांची. हे पाच कुठून येतात आणि आपण त्यांचं काय करतो, हे मला या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

रूल आणि अंबाडी यांनी बघणाऱ्यांना आणखी एक काम दिलं होतं. पक्षाचं नाव न काढता, हा चेहरा किती दमदार वाटतो आणि किती मायाळू वाटतो, एवढंच त्यांनी विचारलं. जे चेहरे दमदार, अधिकार गाजवणारे वाटले, त्यांना लोक रिपब्लिकन म्हणत होते; जे प्रेमळ वाटले, त्यांना डेमोक्रॅट. म्हणजे बघणारा चेहऱ्यात पक्ष शोधतच नव्हता. ‘त्या पक्षाची माणसं अशी असतात’ हे डोक्यात आधीच बसलेलं चित्र आणि समोरचा चेहरा तो एकमेकांवर ठेवून पाहत होता. ते चित्र कधी कधी खऱ्याच्या जवळपास जातं आणि पाचांतला काही वाटा तिथून येतो.

काही वाटा माणूस स्वतःच चेहऱ्यावर चढवतो. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या कॉलीन कार्पिनेला आणि केरी जॉन्सन यांनी २०१३ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहातल्या सदस्यांचे चेहरे संगणकाने मोजले. रिपब्लिकन स्त्रियांचे चेहरे डेमोक्रॅट स्त्रियांपेक्षा जास्त ‘बायकी’ निघाले, आणि चेहरा जितका तसा, तितका तो रिपब्लिकन म्हणून चटकन ओळखला गेला. आता जबड्याचं हाड पक्षात प्रवेश घेताना बदलत नाही. पण भुवया, केस, मेकअप, चेहरा कसा धरायचा याची सवय, हे सगळं बदलतं. शिवाय परंपरेला मानणारा पक्ष स्त्री उमेदवार निवडताना कशी दिसणारी स्त्री निवडतो, हाही प्रश्न आहेच. निकलस बर्गग्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात उजव्या बाजूचे राजकारणी डाव्यांपेक्षा दिसायला सरस आढळले. तीही पक्षांच्या आणि मतदारांच्या निवडीतून गाळून आलेली गोष्ट आहे.

जगण्याच्या सवयी चेहऱ्यावर उतरतात, याचं एक फार सुंदर उदाहरण राजकारणाच्या बाहेरचं आहे. रूल आणि अंबाडी यांनीच जेम्स गॅरेट यांच्यासह मॉर्मन पंथाच्या लोकांचे चेहरे इतरांत मिसळून दाखवले. तिथेही अंदाज छापा-काट्यापेक्षा बरा आला. बघणाऱ्यांना आपण कशावरून ओळखतोय ते सांगता येईना. शोध घेतल्यावर कळलं, की खूण होती ती त्वचेची, म्हणजे चेहरा किती निरोगी दिसतो याची. मॉर्मन लोक दारू पीत नाहीत, तंबाखूला शिवत नाहीत. धर्म चेहऱ्यावर लिहिलेला नव्हता, वर्षानुवर्षांची राहणी होती.

बघणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर चित्र आणखी गुंतागुंतीचं होतं. स्वित्झर्लंडच्या संसदेतल्या सदस्यांचे फोटो वापरून याकुब सामोखोविएत्स आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात लोकांना डावे-उजवे थोडेफार ओळखता आले. पण जिथे खात्री नव्हती, तिथे त्यांचा कल अनोळखी चेहरा समोरच्या गोटात ढकलण्याकडे होता. आपला माणूस म्हणून स्वीकारायला आपण जास्त पुरावा मागतो, परका ठरवायला कमी. मला हे वाचताना आपली टपरी आठवली. नवा माणूस ‘आपल्यातला’ ठरायला तीन प्रश्न लागतात, ‘त्यांच्यातला’ ठरायला एक पुरतो.

याच्याही पुढे जाऊन ख्रिस्तोफर ओलिवोला आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी मुळावरच बोट ठेवलं. त्यांनी उमेदवारांचे फोटो दाखवून पक्ष ओळखण्याचा खेळ मांडला आणि समोरच्या फोटोंमध्ये कुठल्या पक्षाचे किती उमेदवार आहेत, ते प्रमाणही सांगून टाकलं. लोकांनी ते प्रमाण बाजूला ठेवलं आणि चेहऱ्यावर भिस्त ठेवली. चेहरा बघितलाच नसता, तर त्यांना जास्त गुण मिळाले असते.

हे गणित उलगडून बघण्यासारखं आहे. समजा, एखाद्या गावात शंभर मतदार आहेत आणि त्यांतले ऐंशी एकाच पक्षाचे. जो माणूस डोळ्यांवर पट्टी बांधून प्रत्येकाला त्याच पक्षाचा म्हणेल, तो ऐंशी वेळा बरोबर ठरेल. चेहरे वाचणारा हुशार माणूस पंचावन्नपाशी अडकेल. तरीसुद्धा पट्टीवाल्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, कारण त्याने माणसाकडे पाहिलेलंच नाही. समोर चेहरा आला, की आकडा फिका पडतो. गावातली ऐंशी माणसं कागदावर असतात, हा एक मात्र आपल्या डोळ्यांत बघत असतो.

टोडोरोव्ह यांचं नाव या क्षेत्रात ज्या कामामुळे झालं, ते २००५ मधलं. प्रिन्स्टन विद्यापीठात त्यांनी सिनेटच्या एकाच जागेसाठी लढलेल्या दोन उमेदवारांचे फोटो शेजारी ठेवले आणि ज्यांना हे उमेदवार माहीतच नाहीत अशा लोकांना विचारलं, यातला कर्तबगार कोण वाटतो? ज्याला जास्त लोकांनी कर्तबगार म्हटलं, तो सुमारे ७० टक्के जागांवर प्रत्यक्षात निवडून आलेला होता. एका प्रयोगात फोटो फक्त एक सेकंद दाखवला, तरी हेच. चार वर्षांनी जॉन अँटोनाकिस आणि ओलाफ डाल्गास यांनी स्वित्झर्लंडमधल्या शाळकरी मुलांना एक खेळ दिला. ट्रॉयहून इथाकाला बोट न्यायची आहे, या दोघांतला कप्तान कोण हवा? फोटो होते २००२ च्या फ्रेंच संसदीय निवडणुकीतल्या उमेदवारांचे. पोरांनी दहातल्या सात वेळा जिंकलेल्यालाच कप्तान केलं.

हे प्रयोग पक्ष ओळखण्याचे नाहीत, पण धागा तोच आहे. चेहऱ्यावरून कर्तबगारी खरोखर कळते असं यातून सिद्ध होत नाही. मोठी माणसं मतदान करताना जे करतात, त्यातला काही भाग पाच वर्षांचं पोरही करू शकतं, एवढं मात्र दिसतं. गॅब्रिएल लेंझ आणि चॅपल लॉसन यांनी पुढे दाखवलं, की राजकारणाची माहिती कमी आणि टीव्हीसमोर बसणं जास्त, अशा मतदारांवर उमेदवाराच्या दिसण्याचा परिणाम सर्वाधिक होतो. ओलिवोला आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तर असं आढळलं, की जिथे मतदार उजवीकडे झुकलेला आहे, तिथे ‘रिपब्लिकनसारखा दिसणारा’ चेहरा मतं मिळवतो. पक्षाचा साचा मतदाराच्या डोक्यात असतो, त्यात बसणारा चेहरा निवडून येतो, आणि पुढच्या पिढीच्या डोक्यातला साचा त्याच चेहऱ्याने आणखी पक्का होतो.

आपल्याकडे मतदानयंत्रावर उमेदवाराचा फोटो आला तो मे २०१५ पासून, आणि आला तो वेगळ्याच कारणाने. नावं सारखी असली की मतदार चुकतो. रायगडकरांना हे सांगायला नको. २०१४ च्या लोकसभेला अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांना सुमारे २,१०० मतांनी हरवलं, आणि तटकरे यांचंच नाव असलेल्या एका अपक्षाला नऊ हजारांहून जास्त मतं पडली होती. नाव फसवतं म्हणून निवडणूक आयोगाने चेहरा आणला. निर्णय योग्यच होता. तरी पाश्चात्त्य प्रयोग वाचल्यापासून मला एक प्रश्न सोडत नाही. ओळख पटवण्यासाठी लावलेल्या त्या फोटोकडे बटण दाबण्याआधी मतदार किती वेळ बघत असेल? एक सेकंद तरी नक्कीच, आणि टोडोरोव्ह यांच्या माणसांना तेवढाच पुरला होता.

आतापर्यंत बोललो ते माणसांच्या डोळ्यांबद्दल. २०२१ च्या जानेवारीत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मायकेल कोसिन्स्की यांनी यंत्राचे डोळे आणले. फेसबुक आणि डेटिंगच्या संकेतस्थळावरच्या दहा लाखांहून अधिक लोकांचे फोटो त्यांनी घेतले. माणसं अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधली. चेहरा ओळखणाऱ्या साध्या, कुठेही मिळणाऱ्या संगणकप्रणालीला त्यांनी एक उदारमतवादी आणि एक परंपरावादी अशा जोड्या दाखवल्या. प्रणाली ७२ टक्के वेळा बरोबर ठरली. वय, लिंग आणि वंश सारखे असलेल्यांच्या जोड्या लावल्यावरही आकडा फार घसरला नाही, सत्तरच्या जरा खाली आला. शंभर प्रश्नांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेऊन केलेला अंदाजसुद्धा यापेक्षा मागे, ६६ टक्क्यांवर होता.

यंत्राला काय दिसलं असावं? थोडंफार हाती लागलं. उदारमतवादी मंडळी कॅमेऱ्याकडे जास्त सरळ बघत होती आणि त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्याचा भाव जास्त वेळा होता. म्हणजे पुन्हा फोटो काढून घेण्याची रीत. मग कोसिन्स्की आणि सहकाऱ्यांनी ती रीतही पुसून टाकायचं ठरवलं. ५९१ माणसं प्रयोगशाळेत बोलावली. दागिने उतरवले, मेकअप पुसला, केस मागे बांधले, सगळ्यांना काळा कपडा घातला, चेहरा निर्विकार ठेवून समोर बघायला लावलं. २०२४ मध्ये छापलेल्या या अभ्यासातही यंत्राला आणि माणसांना काहीतरी दिसलं, पण फार अंधूक. चेहरा आणि राजकीय कल यांचा सहसंबंध ०.२२ च्या आसपास निघाला. संख्याशास्त्राच्या भाषेतून बाहेर काढायचं, तर लोकांच्या राजकीय कलात जो फरक असतो, त्यातला पाच टक्क्यांहूनही कमी भाग चेहऱ्याशी जुळला. परंपरावाद्यांच्या चेहऱ्याचा खालचा भाग सरासरीने किंचित मोठा होता. त्यामागचं कारण जन्मजात आहे, की मोठ्या जबड्याच्या माणसाला लहानपणापासून लोक दमदार समजून वागवतात आणि तो तसा घडत जातो, हे एका फोटोवरून ठरवता येणार नाही.

आपण हे संशोधन धोक्याचा इशारा म्हणून छापत आहोत, असं कोसिन्स्की म्हणतात. त्यांच्यावर टीका झाली, ती मला काही अंशी पटते. पण इशारा खोटा नाही. मतदान गुप्त आहे, ही लोकशाहीचा कणा असलेली गोष्ट आहे. आणि चेहरा ही माणसाची अशी एक वस्तू आहे जी तो घरी ठेवून बाहेर पडू शकत नाही. चौकाचौकांत कॅमेरे आहेत. ज्याला विरोधकांची यादी हवी आहे, त्याला शंभर टक्के अचूकता लागत नाही. बहात्तर त्याला भरपूर वाटतात. उरलेली अठ्ठावीस माणसं चुकीच्या यादीत गेली, तर किंमत त्या माणसांनी मोजायची असते. आणि खरं सांगायचं, तर बरोबर यादीत गेलेल्या बहात्तरांवरही तेवढाच अन्याय होतो, कारण त्यांनी आपलं मत कुणाला सांगितलंच नव्हतं.

चेहऱ्याचं ‘शास्त्र’ युरोपात याआधीही जोरात होतं. झुरिकचा धर्मोपदेशक योहान लाव्हाटर याने १७७५ ते १७७८ या काळात चेहऱ्यावरून स्वभाव सांगणारे चार जाडजूड खंड काढले आणि ते युरोपभर वाचले गेले. ‘बीगल’ जहाजाचा कप्तान फिट्झरॉय त्याचा भक्त होता. असल्या नाकाच्या माणसात इतक्या लांबच्या सफरीला लागणारी जिद्द असेल का, या शंकेने त्याने चार्ल्स डार्विनला जवळजवळ नाकारलं होतं. डार्विनने आत्मचरित्रात ते नोंदवून ठेवलंय.

चेहऱ्यावरून पुढे कवटीच्या मोजमापावर गेलेल्या या वेडाशी एका मराठी घरातल्या बाईने केलेला सामना मला फार मोलाचा वाटतो. इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत डॉक्टरेटसाठी गेल्या. मार्गदर्शक होता ऑयगेन फिशर, पुढे नाझींच्या वंशविचाराला ज्याच्या कामाचा आधार मिळाला तो. त्याचं म्हणणं, युरोपीय माणसाच्या कवटीची उजवी-डावी बाजू असमान असते आणि त्यात त्याच्या बुद्धीचं श्रेष्ठत्व दिसतं. इतर वंशांत तसं नसतं. इरावतीबाईंनी सुमारे दीडशे कवट्या हातात घेऊन मोजल्या. असमानता सगळीकडेच होती आणि तिचा वंशाशी संबंध लागत नव्हता. परक्या देशात, पंचविशीच्या आत-बाहेर असताना, परीक्षक समोर बसलेला असताना त्यांनी जे मोजलं तेच प्रबंधात लिहिलं.

पण राजकीय मत चेहऱ्यात शोधण्याचा सगळ्यात धीट प्रयत्न त्याआधीचा आहे, इटलीतल्या तुरीनचा. चेझारे लोंब्रोसो याने १८७६ मध्ये ‘जन्मजात गुन्हेगार’ चेहऱ्यावरून ओळखता येतो असा सिद्धांत मांडला आणि १८९१ साली ‘द मॉनिस्ट’ या शिकागोच्या नियतकालिकात तो अराजकवाद्यांना लावला. पॅरिस, तुरीन आणि शिकागोच्या अराजकवाद्यांचे चेहरे तपासून त्यांतल्या मोठ्या हिश्श्यात आपल्याला गुन्हेगाराची लक्षणं सापडली, असं त्याने लिहिलं. शिकागोच्या माणसांना तो भेटलेला नव्हता. एका पोलीस अधिकाऱ्याच्या पुस्तकात छापलेली त्यांची चित्रं त्याच्यासमोर होती.

ही शिकागोची माणसं म्हणजे ज्यांच्यामुळे आपण १ मे हा कामगार दिन म्हणून पाळतो ती. आठ तासांच्या कामाच्या मागणीसाठी चाललेल्या लढ्यात ४ मे १८८६ ला हेमार्केट चौकातल्या सभेत बॉम्ब पडला, आठ जणांवर खटला चालला, त्यांतल्या चौघांना नोव्हेंबर १८८७ मध्ये फाशी झाली. मिखाएल श्वाब हा त्या आठांतलाच, बव्हेरियातून आलेला बुकबाइंडर आणि जर्मन कामगार वृत्तपत्राचा सहसंपादक. त्याची फाशी आदल्या दिवशी जन्मठेपेत बदलली गेली. तो जोलिएटच्या तुरुंगात असताना लोंब्रोसोचा लेख आला. श्वाबने कोठडीतून उत्तर लिहिलं आणि ‘द मॉनिस्ट’ने त्याच वर्षी ते छापलं. ज्याचा चेहरा वाचला गेला, त्याने वाचणाऱ्याला लेखी उत्तर दिल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

दोन वर्षांनी, २६ जून १८९३ ला, इलिनॉयचे गव्हर्नर जॉन पीटर आल्टगेल्ड यांनी श्वाबसह तुरुंगात उरलेल्या तिघांना माफी दिली. माफीच्या दीर्घ कागदात त्यांनी ज्युरी कशी निवडली गेली, पुरावा काय होता, न्यायाधीश कसे वागले, हे एकेक करून तपासलं. बॉम्ब कुणी टाकला, हे आजतागायत सिद्ध झालेलं नाही.